पायाखालचें बटण



वाद्यांच्या इतिहासांत तारा, चामडें, लांकूड आणि वादकाचीं बोटें यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पायांची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. वस्तुतः वादकाचे दोन्ही हात गुंतले कीं उरलेलें काम त्यानें नेहमींच पायांवर सोंपविलें. युरोपांतील मोठ्या ऑर्गनांना पायांनीं दाबावयाच्या पट्ट्या मध्ययुगाच्या अखेरीसच आल्या. पॅरिसच्या सेबास्तियां एरार यानें १८१० मध्यें हार्प या वाद्याला सात पायपट्ट्या अशा खुबीनें जोडल्या कीं, प्रत्येक पट्टी दोन टप्प्यांनीं दाबून तारांचा स्वर दोनदां चढवितां यावा. आपल्या संगीत रंगभूमीवरील ऑर्गनाचा भाताही पायांनींच चाले. उलट, जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या गवयांच्या सोयीसाठीं भाता हाताशीं आणला गेला, तेव्हां हातपेटी घरोघर पोंचली.

ह्याच कुळांतील एका अर्वाचीन वंशजाची हकीकत आज सांगावयाची आहे. विजेच्या गिटारीच्या ध्वनिवर्धकाला जोडलेलें, जमिनीवर ठेवून पायानें दाबावयाचें जें लहानसें बटण, ज्याला वादक 'फूटस्विच' म्हणतात, तें आज शहरांतील कित्येक घरांत मुलांच्या खोलींत आढळतें. तें बिघडलें म्हणजे सगळें यंत्रच निकामी झालें, असा घरांत ग्रह होतो. हा ग्रह बहुधा चुकीचा असतो. आणि तो कां चुकीचा, हें त्या बटणाच्या इतिहासावरूनच उत्तम समजतें.

गिटारीचा मूळ आवाज नाजूक. अमेरिकेंतील नृत्यगृहांत कर्ण्यांच्या आणि नगाऱ्यांच्या गजरापुढें तो ऐकूं येईना. तेव्हां लॉस एंजेलिस येथील जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनीं तारांपाशीं लोहचुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें बसवून तारांच्या कंपनांपासून वीज उत्पन्न केली. पहिला नमुना १९३१ मधला. वाद्य बाजारांत आलें तें १९३२ मध्यें. त्याचें अंग गोल व दांडा लांब असल्यामुळें लोकांनीं त्याला 'फ्राइंग पॅन' हेंच नांव ठेविलें. तें मांडीवर आडवें ठेवून हवाई बेटांच्या पद्धतीनें वाजवीत. आपल्याकडे व्हॅन शिपले यांनीं ह्याच पद्धतीच्या विजेच्या गिटारीवर चित्रपटगीतांच्या चाली वाजविल्या, व त्यांच्या ध्वनिमुद्रिका लोकप्रिय झाल्या.

आवाज वाढला, परंतु एक नवी अडचण उभी राहिली. डावा हात तारा दाबण्यांत, उजवा त्या छेडण्यांत. आणि आवाजाचा रंग बदलण्याच्या खुंट्या मात्र पाठीमागें ठेविलेल्या पेटीवर. गाणें ऐन रंगांत आलें असतां वादकानें मागें वळावें कसें?

ह्या अडचणीवरील तोडगा रूढ करण्यांत ज्याचा वाटा मोठा, तो लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवीत नसे. तो रेडिओ दुरुस्त करणारा होता, व १९३८ मध्यें कॅलिफोर्नियांतील फुलर्टन या गांवीं त्यानें दुरुस्तीचें दुकान काढलें होतें. त्याच्या कारखान्यानें १९५५ मध्यें 'ट्रेमोलक्स' नांवाचा ध्वनिवर्धक काढला. त्यांत आवाज लाटेप्रमाणें सारखा लहानमोठा होत राही, व ती लाट चालू-बंद करण्याचें काम पायाच्या बटणाकडे दिलेलें होतें. पुढें १९६१ मध्यें घुमाऱ्याची स्वतंत्र पेटी निघाली. तींत ध्वनीचें कंपन लांब, नाजूक स्प्रिंगांत उतरवून देवळाच्या गाभाऱ्यांत उमटावा तसा प्रतिध्वनि निर्माण होई. १९६३ मध्यें लाट आणि घुमारा हीं दोन्ही एकाच ध्वनिवर्धकांत आलीं, आणि पायाखालच्या डबीवर दोन बटणें शेजारीं शेजारीं बसलीं.

ह्या इतिहासांत बिघाडालाही मानाचें स्थान आहे. १९६० मध्यें नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स याच्या 'डोन्ट वरी' या गीताचें ध्वनिमुद्रण चालू असतां, यंत्रांतील एका दोषामुळें ग्रेडी मार्टिन याच्या बास गिटारीचा स्वर फाटका उमटला. तो पुसून न टाकतां तसाच ठेवण्यांत आला व लोकांना आवडला. तेथील तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यानें मग तोच फाटका स्वर हुकमी उत्पन्न करणारी रचना सिद्ध केली, आणि गिब्सन कंपनीनें १९६२ मध्यें ती 'माएस्ट्रो फझ-टोन' या नांवानें विक्रीस काढली. ही देखील पायानें दाबावयाची पेटी. आरंभीं तिला फारसें गिऱ्हाईक मिळेना. परंतु १९६५ मध्यें रोलिंग स्टोन्स यांच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गीतांत ती ऐकूं येतांच दुकानांतील साठा संपला. यंत्राचा दोष नीट समजून घेणारा मनुष्य भेटला, म्हणून त्या दोषाचें सोनें झालें.

१९७७ मध्यें जपानच्या 'बॉस' कंपनीच्या लहान पेट्या निघाल्या, व बटणाच्या दुसऱ्या एका प्रकाराचा प्रसार झाला. हा भेद ध्यानांत ठेवावा. पहिला प्रकार बॉलपेनच्या टोकासारखा: एकदां दाबलें कीं जोड कायम, पुन्हां दाबलें कीं सुटला. दुसरा दारावरच्या घंटीसारखा: दाबून धरावें तोंवरच जोड, 'चालू कीं बंद' ही आठवण आंतील विद्युत्-रचना ठेवते. एका प्रकाराच्या जागीं दुसरा बसविल्यास नवें बटणही बिघडलेलेंच वाटेल.

आतां त्या डबीच्या अंतरंगाकडे वळूं. फेंडरच्या त्या जुन्या दोन-बटणी डबींत ना व्हॉल्व्ह, ना ट्रान्झिस्टर. दोन तारा, दोन बटणें आणि यंत्राच्या धातूच्या अंगाशीं, म्हणजे कारागीर ज्याला 'अर्थ' म्हणतात त्याच्याशीं, होणारा जोड. एवढाच तिचा संसार. मौज अशी कीं, दोन्ही बटणें काम एकच करतात, पण परिणाम उलट होतो. घुमाऱ्याची तार अर्थला जोडली कीं त्याचा ध्वनि निचरून जातो व घुमारा बंद पडतो. लाटेची तार अर्थला जोडली कीं तिला रोखून धरणारा दाब नाहींसा होतो व लाट सुरू होते.

एवढें कळलें कीं निदान बसल्या जागीं करतां येतें. घुमारा बंदच होत नाहीं आणि लाट सुरूच होत नाहीं, अशी दुहेरी तक्रार असेल तर केबल कोठें तरी तुटली आहे. घुमारा येतच नाहीं आणि लाट थांबतच नाहीं, असें असेल तर तारा कोठें तरी अर्थला चिकटल्या आहेत. एकच काम अडलें असेल तर दोष त्या एका बटणांत किंवा त्याच्या तारेंत. आणि घोंघों असा आवाज येत असेल तर केबलवरील तारांच्या जाळीचें वेष्टन तुटलें असावें. कारण घुमाऱ्याच्या तारेंतून प्रत्यक्ष ध्वनीचीच वीज वाहते, व बाहेरची घरघर अडविण्याचें काम हें वेष्टन करतें.

प्रत्यक्ष दुरुस्तीस बसतांना प्रथम ध्वनिवर्धक बंद करून त्याचा विजेचा प्लग काढावा, आणि डबीची केबल सोडवून घ्यावी. मग मल्टिमीटरची एक सुई प्लगवर व दुसरी बटणाच्या पायावर टेकवून केबल हळूहळू वांकवीत जावें. आवाज खंडित झाला कीं तुटलेली जागा सांपडली. ती बहुधा प्लगच्या गळ्याशीं किंवा केबल डबींत शिरते तेथें असते, कारण पायाचे हिसके तेथेंच बसतात. तेवढा तुकडा कापून टाकावा, टोंकें सोलून त्यांना कथील लावावें, आणि पहिली जोडणी कागदावर उतरवून घेऊन तशाच जागीं डाग द्यावा. डाग देतांना घाई करूं नये, पण रेंगाळूंही नये. बटणाच्या पायाला फार ऊब लागल्यास आंतील प्लॅस्टिक वितळतें. केबल धड असून बटणच जोड धरीत नसेल, तर आपल्या समुद्रकांठच्या दमट हवेनें त्याचे संपर्क काळवंडलेले असतात. संपर्क साफ करण्याच्या फवाऱ्यानें गुण न आल्यास त्याच प्रकारचें नवें बटण बसवावें.

एक इशारा मात्र निक्षून देतों. खुद्द ध्वनिवर्धक घरीं उघडूं नये. व्हॉल्व्हच्या यंत्रांत वीज बंद केल्यावरही कांहीं वेळ शेंकडों व्होल्टचा साठा शिल्लक राहतो, व तो प्राणघातक ठरूं शकतो. आपली मर्यादा डबीपुरती आणि केबलपुरती.

आमच्या शेजारच्या एका विद्यार्थ्याला स्नेहसंमेलनाच्या आधीं एका दुकानदारानें सांगितलें कीं, ध्वनिवर्धक टाकून नवाच घ्या. वडिलांच्या महिन्याच्या पगाराचा तो प्रश्न होता. वरील रीतीनें पाहिलें, तों प्लगच्या गळ्याशीं तार तुटलेली निघाली. अर्ध्या तासांत काम झालें. डाग त्या मुलानेंच दिला.

दुकानदाराला दोष देण्यासाठीं हें सांगत नाहीं. वस्तू उघडून पाहण्याची आपली संवयच सुटत चालली आहे, आणि वस्तूही आतां अशा बनूं लागल्या आहेत कीं त्या उघडूंच नयेत. परंतु विजेच्या गिटारीच्या इतिहासांत ज्यांनीं नवें कांहीं आणलें, त्यांपैकीं एक रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानांतून आला होता आणि दुसऱ्यानें बिघाडाकडे कान दिला होता. मुलांच्या हातांत वाद्य देतांना त्याबरोबर एक पेंचकस आणि डाग देण्याची कानस-कथलाची शिदोरीही द्यावी. सूर किती लागेल तें त्यांच्या रियाजावर. पण तो कोठें अडला हें शोधण्याची बुद्धि त्यांना जन्मभर पुरेल.