भाग ३७ : बिल बेंटर, हाँगकाँगचे घोडे आणि पहिल्या वर्षी हरलेलं सॉफ्टवेअर

आजचा भाग घोड्यांचा आहे, पण खरं सांगायचं तर घोड्यांचा कमी आणि कॉम्प्युटरचा जास्त. बिल बेंटर हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रील्समध्ये ऐकलं असेल. "या माणसाने अल्गोरिदम लिहिला आणि रेसमध्ये अब्जाधीश झाला", मागे ढँण ढँण म्युझिक, तीस सेकंदांत गोष्ट संपली. त्या तीस सेकंदांत एक गोष्ट कधीच येत नाही. ते सॉफ्टवेअर पहिल्या सीझनला सपाटून हरलं होतं. आणि ते का हरलं, हाच या इतिहासातला सगळ्यात कामाचा भाग आहे.

आधी रेसच्या पैशाचं गणित समजून घेऊ, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

कसिनोत तुम्ही मालकाविरुद्ध खेळता. हाँगकाँगच्या रेसमध्ये तसं नाही. तिथे सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात. क्लब आधी स्वतःचा वाटा कापून घेतो आणि उरलेले पैसे जिंकणाऱ्यांमध्ये वाटले जातात. ही पद्धत १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर नावाच्या माणसाने चालू केली. (हाच ओलेर पुढे १८८९ मध्ये 'मूलां रूज' उघडणाऱ्या दोघांपैकी एक. माणूस करमणुकीच्या धंद्यात पक्का मुरलेला.) याचा अर्थ काय? घोड्याचा भाव कुणी ठरवत नाही, तो लोकांच्या पैशातून बनतो. गल्ल्यातले १० टक्के पैसे एका घोड्यावर असतील, तर पब्लिकचं म्हणणं झालं की हा घोडा दहातून एकदा जिंकेल. तुम्ही खेळताय ते क्लबशी नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी. आणि क्लबचा वाटा दोघांच्याही खिशातून जातो. हाँगकाँगमध्ये तो साधारण १७-१८ टक्के. म्हणजे पब्लिकपेक्षा थोडंसं हुशार असून भागत नाही, तो वाटा भरून निघेल इतकं हुशार असावं लागतं.

आता माणसांकडे येऊ. बेंटर मूळचा अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा, फिजिक्स शिकणारा पोरगा. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाचं 'बीट द डीलर' हे १९६२ सालचं पुस्तक वाचलं आणि लास व्हेगास गाठलं. ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजायचे, शिल्लक पत्ते आपल्या बाजूचे झाले की पैसे वाढवायचे. तिथे त्याला ॲलन वूड्स भेटला, ऑस्ट्रेलियन, वयाने मोठा, पैशाच्या बाबतीत धाडसी. १९८४च्या सुमारास कसिनोंनी त्यांना ओळखून दार बंद केलं. वूड्सला आशियातल्या रेसची माहिती होती. दोघांनी हाँगकाँग निवडलं.

हाँगकाँगच का? कारण इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर तो स्वच्छ डेटासेट होता. रेसकोर्स दोनच, १८४६ पासूनचं हॅपी व्हॅली आणि १९७८ मध्ये उघडलेलं शा टिन. घोडे हजाराच्या आसपास, तेच ते पुन्हा पुन्हा एकमेकांविरुद्ध धावणारे, बाहेरून येऊन कुणी धावतोय असं फारसं नाही. नोंदी व्यवस्थित. आणि गल्ला प्रचंड. हा शेवटचा मुद्दा डोक्यात ठेवा. गल्ला छोटा असेल तर तुमच्याच पैशाने घोड्याचा भाव पडतो, स्वतःच स्वतःचा नफा खाता.

एक शब्द इथेच उलगडतो, हँडिकॅपिंग. रेसवाले तो दोन अर्थांनी वापरतात. क्लबचा अधिकारी चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतो, म्हणजे शर्यत चुरशीची व्हावी, तो एक अर्थ. आणि पैज लावणारा बसून प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता काढतो, तो दुसरा. आपल्याला दुसरा हवाय. वर्षानुवर्षं हे काम लोक पेन्सिल आणि रेसचं पुस्तक घेऊन करत आलेत. मागच्या पाच शर्यतींचा वेळ, वजन, जॉकी कोण, ट्रॅक ओला की कोरडा. बेंटरला हे कॉम्प्युटरवर करायचं होतं.

गणित त्याला एका पेपरमध्ये मिळालं. रूथ बोल्टन आणि रँडल चॅपमन यांनी १९८६ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स' या जर्नलमध्ये मल्टिनोमियल लॉजिट मॉडेल रेससाठी वापरून दाखवलं. नावाला घाबरू नका. ग्राहक चार साबणांतला कोणता उचलेल याचा अंदाज करायला मार्केटिंगवाले हेच मॉडेल वापरतात. इथे साबणाच्या जागी घोडे. प्रत्येक घोड्याला त्याच्या गुणांवरून एक आकडा द्यायचा आणि सगळ्यांच्या शक्यतांची बेरीज १०० टक्के होईल असं बसवायचं. त्यांचा डेटा होता फक्त २०० शर्यतींचा. बेंटरने मग छापील निकाल कॉम्प्युटरमध्ये भरून घेतले, हाताने टाइप करून. आज एपीआय नाही म्हणून कुरकुरणाऱ्या आपल्या पिढीने हे जरा ऐकावं.

हे सगळं उभं राहायच्या आधी, पहिल्याच सीझनमध्ये, कच्चं मॉडेल घेऊन दोघं मैदानात उतरले होते. सोबत दीड लाख डॉलर भांडवल. त्यातले सुमारे १ लाख २० हजार गेले. पुढे पैशावरून आणि हिश्शावरून दोघांची भागीदारी फुटली आणि वूड्सने स्वतःची वेगळी टीम उभी केली. बेंटर परत अमेरिकेला जाऊन ब्लॅकजॅकवर पैसे जमवून १९८८ मध्ये हाँगकाँगला आला.

मग बदललं काय? जास्त व्हेरिएबल्स आले, हो. पुढे प्रत्येक घोड्याची शंभराच्या वर माहिती मॉडेलमध्ये होती. शर्यतींचे व्हिडिओ बघून कोणता घोडा कोंडीत अडकला, कुणाला बाहेरून लांबचा फेरा पडला हे नोंदवणारी माणसं होती. पण निर्णायक गोष्ट ही नाही. बेंटरने १९९४ मध्ये स्वतःच एक पेपर लिहून ती उघड सांगितली. त्याने पब्लिकचा भाव आपल्या मॉडेलमध्ये टाकला.

ऐकायला हे उलटं वाटतं. ज्या पब्लिकला हरवायचं त्याच पब्लिकचं मत घ्यायचं? पण विचार करा. मॉडेलला घोड्याचा मागचा वेळ माहीत असतो. आज सकाळी घोड्याने चारा खाल्ला की तोंड फिरवलं, हे तबेल्यातल्या माणसाला माहीत असतं. ट्रेनर, जॉकी, मालक, त्यांचे मित्र, सगळ्यांची आतली खबर पैशाच्या रूपाने भावात उतरलेली असते. तेव्हा मॉडेल आणि भाव यांच्यात मोठी तफावत दिसली, तर बऱ्याच वेळा पब्लिक मूर्ख नसतं. मॉडेलला काहीतरी दिसलेलं नसतं.

हे आकड्यांत बघू. आकडे माझे आहेत, उदाहरणापुरते. क्लबचा वाटा १७.५ टक्के धरा. एका घोड्यावर गल्ल्यातले १० टक्के पैसे आहेत, म्हणजे तो जिंकला तर १ रुपयाचे ८ रुपये २५ पैसे मिळतील. तुमचं मॉडेल म्हणतं, शक्यता १० नाही, २० टक्के आहे. मग सरासरी १ रुपयाचा १ रुपया ६५ पैसे होतो. ६५ टक्के फायदा! नोकरी सोडायलाच हवी. आता खरी शक्यता मॉडेल आणि पब्लिक यांच्या मधे, १४ टक्क्यांवर असेल तर? १ रुपया १५ पैसे. ठीक, अजून फायदा आहे. आणि १२ टक्के असेल तर ९९ पैसे. तोटा. लक्षात घ्या, १२ टक्के म्हणजे तुम्ही पब्लिकपेक्षा अजूनही बरोबर आहात, आणि तरी हरताय.

बेंटरचं दुसऱ्या टप्प्याचं मॉडेल एवढंच काम करायचं. जुन्या शर्यतींवरून मॉडेलच्या मताला किती वजन द्यायचं आणि पब्लिकच्या मताला किती, हे काढायचं. पण त्या जुन्या शर्यती मॉडेल शिकवताना वापरलेल्या नकोत. माझं रोजचं काम मॉडेल्सचंच आहे, म्हणून इथे थांबून सांगतो. ज्या डेटावर शिकवलं त्याच डेटावर तपासलं तर कुठलंही मॉडेल देवमाणूस दिसतं. पेपर फुटल्यावर पहिला नंबर आला यात कौतुक ते काय? बेंटरच्या मते मॉडेल उभं करायलाच किमान ५०० ते १००० शर्यती लागतात.

आता शिस्तीचा भाग. फायदा आहे हे कळलं, पण लावायचे किती? याचं सूत्र जॉन केली या बेल लॅब्जच्या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलं, टेलिफोनच्या तारेतून माहिती कशी जाते या अभ्यासातून. सूत्र साधं आहे. रुपयामागे अपेक्षित फायदा भागिले जिंकल्यास मिळणारा निव्वळ नफा, तेवढा भांडवलाचा हिस्सा लावा. आपल्या उदाहरणात १४ टक्के शक्यता खरी असेल तर ०.१५५ भागिले ७.२५, म्हणजे भांडवलाचे जवळपास २.१ टक्के. पण मॉडेलचे २० टक्के खरे मानले तर तेच सूत्र सांगतं, ९ टक्के लावा. चौपटीहून जास्त!

आणि केलीच्या गणिताची गंमत अशी, की योग्य रकमेच्या साधारण दुप्पट लावली की दीर्घकाळात वाढ जवळपास शून्यावर येते. त्याच्याही पुढे गेलात तर फायद्याच्या पैजा लावूनसुद्धा भांडवल आटत जातं. घोडे बरोबर निवडले, भाव बरोबर हेरले, आणि तरी खिसा रिकामा. म्हणून बेंटर पूर्ण केली लावायच्या विरोधात होता. अर्धा लावा, तिसरा हिस्सा लावा, कारण तुमचा आत्मविश्वास मॉडेलमधल्या चुकीसकट आलेला असतो. मला विचाराल तर त्याचा मोठेपणा घोडे ओळखण्यात नाहीच, या एका वाक्यात आहे.

पुढचं थोडक्यात. सॉफ्टवेअर जिंकायला लागलं, दरवर्षी लाखो डॉलर, मग कोट्यवधी. १९९७ मध्ये हाँगकाँग जॉकी क्लबने त्याची फोनवरून पैजा लावायची खाती बंद केली, तर त्याची माणसं तिकिटं रोखीने काढायला लागली. नोव्हेंबर २००१ मध्ये 'ट्रिपल ट्रायो' नावाची पैज, तीन शर्यतींतले पहिले तीन-तीन घोडे ओळखायचे, त्याच्या टीमला लागली. बक्षीस ११ कोटी ८० लाख हाँगकाँग डॉलरच्या आसपास. त्याने ते घेतलंच नाही. लोकांचं लक्ष वेधायला नको म्हणून. पैसे क्लबच्या धर्मादाय निधीत गेले. हे त्याने स्वतः २०१८ मध्ये ब्लूमबर्गला सांगितलं. तोवर त्याची एकूण कमाई अब्ज डॉलरच्या जवळ गेल्याचं त्या लेखात होतं.

आता आपल्याकडे. गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. पोरगा पुण्याचा, चोवीस वर्षांचा. "दादा, पायथन येतं, निकाल स्क्रॅप करतो. महालक्ष्मीला हे का नाही चालणार? सहा महिने नोकरी सोडून बघू का?" सोबत एका टेलिग्राम चॅनलचा स्क्रीनशॉट, 'एआय टिप्स, ९० टक्के अचूक', महिन्याची फी वेगळी.

महालक्ष्मीला १८८३ पासून शर्यती होतात, पुण्यात त्याच्याही आधीपासून. घोडा ओळखणं हे कौशल्य आहे, नुसतं नशीब नाही, असं आपल्या सुप्रीम कोर्टानेच १९९६ मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन खटल्यात म्हटलंय. कोर्ट म्हणतं कौशल्य, करखातं मात्र त्याला लॉटरीच्या रांगेत बसवतं. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. नफ्यावर नाही हं, पैजेवर. शिवाय जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर, आणि हरलेल्या तिकिटांची वजावट नाही. वर क्लबचा किंवा बुकीचा वाटा. बेंटर जगातल्या सगळ्यात मोठ्या गल्ल्यांपैकी एकावर १७-१८ टक्क्यांची भिंत चढला. आपण वर १५ टक्के फायद्याचं उदाहरण घेतलं होतं, तो चांगल्यातला चांगला प्रसंग होता. त्यावर हे कर लावून बघा, कॅल्क्युलेटर घ्या.

आणि ते '९० टक्के अचूक'. प्रत्येक शर्यतीत फेव्हरिट घोडा पहिल्या चारांत येईल असं सांगितलं तरी अचूकतेचा आकडा छान दिसतो. भाव किती होता हे न सांगता अचूकता सांगणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच, १०० रुपये लावले त्याचे वर्षाअखेर किती झाले?

मी त्याला लिहिलं, नोकरी सोडू नकोस. पुढच्या सीझनच्या सगळ्या शर्यती घे. प्रत्येक घोड्याची तुझी शक्यता शर्यत सुटायच्या आधी वहीत लिही, शेजारी शेवटचा भाव लिही, पैसा एकही लावू नकोस. ५०० शर्यती झाल्या की तुझा आकडा, भावाचा आकडा आणि दोन्हींचं मिश्रण, तीन रकाने कर आणि प्रत्यक्षात कोण जिंकलं त्याच्याशी ताडून बघ. त्याचं उत्तर आलं, "वही कशाला दादा, शीट करतो." चालेल. फक्त शर्यतीनंतर आकडे बदलता येणार नाहीत असं लॉक कर म्हटलं.

पुढच्या भागात जॉर्ज ज्युलियसचं टोटलायझर. हजारो लोकांच्या पैजांची एकाच वेळी बेरीज करणारं हे यंत्र १९१३ मध्ये ऑकलंडच्या रेसकोर्सवर बसवलं होतं, दातेरी चाकं आणि वजनांवर चालणारं. भेटू.