गुंजी : भातखाचरांच्या एका गावाचा इतिहास

बेळगावहून लोंढ्याकडे निघालेली गाडी देसूर, इदलहोंड करीत खानापूरला येते. खानापूर सुटले की झाडी दाट होऊ लागते, जमिनीचा रंग तांबडा होतो आणि लोंढ्याचे मोठे जंक्शन येण्यापूर्वी एक लहानसे स्थानक लागते. फलाटावरच्या पाटीवर नाव असते ‘गुंजी’. याच तालुक्यात ‘गर्लगुंजी’ नावाचे दुसरे गाव असल्यामुळे बाहेरच्या माणसाचा नेहमी घोटाळा होतो. परंतु पंचक्रोशीतल्या माणसाला ‘गुंजी’ म्हटले की माऊलीदेवीचे देऊळ, भाताची खाचरे आणि रेल्वेचे रूळ हीच तीन चिन्हे आठवतात.

इतिहासग्रंथांत या गावाचे नाव सहसा सापडत नाही. येथे लढाई झाली नाही, किल्ला नाही, कोणा राजाची राजधानी नव्हती. तरीही गेल्या दोनशे वर्षांत सामान्य शेतकऱ्याच्या आयुष्यात जे जे उलटफेर झाले, ते सर्व या एका गावाच्या शिवारात उमटलेले दिसतात. विशेष म्हणजे ते घडवून आणणारे निर्णय बहुधा गावापासून फार दूर, कागदावर झालेले असत.

प्रथम भूमी पाहावी. खानापूरचे पाणी मलप्रभेला मिळते. कणकुंबीजवळ उगम पावलेली ही नदी पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागराला पोहोचते. उलटपक्षी लोंढ्याजवळची पांढरी नदी काळी नदीला मिळते आणि ते पाणी कारवारजवळ अरबी समुद्रात जाते. खानापूर आणि लोंढा यांच्या मधोमध गुंजी वसलेले आहे. दोन समुद्रांना वाटून जाणाऱ्या पावसाच्या या पट्ट्यात घाट, जंगल आणि देश एकमेकांना भेटतात. पाऊस भरपूर, जमीन जांभ्याची आणि तांबडी, शेते लहान आणि उतरती. अशा ठिकाणी भाताखेरीज दुसऱ्या पिकाला अग्रमान मिळणे कठीणच होते.

हा मुलूख प्राचीन काळी ओसाड नव्हता. याच तालुक्यातील हलशी म्हणजे जुनी पलाशिका. पाचव्या-सहाव्या शतकांत ते कदंब राजांचे महत्त्वाचे ठाणे होते. तेथे सापडलेले ताम्रपट जे. एफ. फ्लीट यांनी एकोणिसाव्या शतकात वाचून प्रसिद्ध केले. पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळी हा प्रदेश ‘पलसिगे बारा हजार’ या नावाने ओळखला जाई आणि हलशीचे भूवराह-नरसिंहाचे देऊळ त्या वैभवाची साक्ष आजही देते. नंतर बहामनी, विजयनगर, आदिलशाही, मराठे असे राज्यकर्ते आले आणि गेले. नंदगडच्या बाजारपेठेतून घाटाखालचे मीठ, नारळ, सुपारी वर येत आणि घाटावरचे धान्य खाली जाई. लमाणांच्या बैलांचे तांडे ज्या वाटांनी हिंडत, त्याच वाटांवरच्या खेड्यांपैकी गुंजीच्या परिसरातली खेडी होत. म्हणजे रानात लपलेले हे मुलूख व्यापाराच्या दृष्टीने कधीच एकाकी नव्हते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा प्रांत इंग्रजांकडे गेला. १८३६ साली धारवाडपासून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा निर्माण झाला. कित्तूरच्या संस्थानाचा पाडाव होऊन संगोळ्ळी रायण्णा यांना १८३१ साली नंदगडला फाशी देण्यात आले, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतरचा बदल मात्र शांतपणे, साखळी आणि नोंदवही घेऊन आला. मुंबई इलाख्यातील पाहणी-पद्धतीने प्रत्येक शेताला क्रमांक दिला, त्याची प्रतवारी केली आणि तीस वर्षांपुरता सारा ठरवून टाकला. ज्या खाचराला आजवर झाडाच्या, ओहोळाच्या किंवा पूर्वजाच्या नावाने ओळखत, त्याला आता ‘सर्व्हे नंबर’ मिळाला. वहिवाटीला कागदाचा आधार मिळाला हे खरे, पण ज्याचे नाव कागदावर चढले नाही, त्याची वहिवाट त्या दिवसापासून संशयास्पद ठरली.

दुसरा घाव जंगलाचा. डोंगरउतारावरची झाडे तोडून, पालापाचोळा जाळून त्या राखेत नाचणी-वरी पेरण्याची ‘कुमरी’ पद्धत या डोंगराळ भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने ती आवळीत आणली आणि १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलाची हद्द आखून दिली. भातशेतकऱ्याला जंगल हवे असे ते शेतासाठीच. रोपवाफा भाजण्यासाठी कवळ, गुरांसाठी चारा, नांगरासाठी लाकूड आणि घरासाठी वासे हे सर्व तेथूनच येई. रान ‘सरकारी’ झाले, तेव्हा भाताचे खाचर जणू त्याच्या आईपासून तोडले गेले. खानापूर तालुक्यातील जंगल टिकून राहिले, ही गोष्ट आज सर्वजण अभिमानाने सांगतात. ते टिकविण्याची किंमत कोणी दिली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

या घडामोडींकडे व्यापक दृष्टीने पाहायचे तर जावा बेटाचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तेथील खेडेही भाताचे. पायऱ्यापायऱ्यांची खाचरे, त्यांना ‘सावा’ म्हणतात. १८३० पासून डच राज्यकर्त्यांनी तेथे सक्तीची लागवड सुरू केली. गावाने आपल्या जमिनीचा काही भाग सरकारला हव्या असलेल्या ऊस, नीळ, कॉफी अशा पिकांसाठी द्यावा, असा तो दंडक होता. सागाची जंगलेही सरकारने ताब्यात घेतली. ही हकीकत १८६० साली ‘मुलतातुली’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका डच अधिकाऱ्याने ‘माक्स हावेलार’ या कादंबरीत मांडली आणि हॉलंडमध्ये मोठी खळबळ उडाली. गुंजीच्या शेतकऱ्यावर ऊस-निळीची सक्ती झाली नाही. त्याच्या वाट्याला रोख सारा आणि राखीव रान आले. मात्र त्याची हकीकत लिहिणारा कोणी मुलतातुली या डोंगरांत आला नाही.

त्याच शतकाच्या अखेरीस रेल्वे आली. साउदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ साली स्थापन झाली. तिच्या रुळांनी बेळगाव व लोंढा जोडले गेले आणि १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत आलेला पोर्तुगीज हद्दीतला लोहमार्ग त्यांना मिळाला. बैलांच्या तांड्यांचा काळ सरला. लाकूड, धान्य, मीठ आणि माणसे गाडीने जाऊ लागली. १९२४ साली बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याची वार्ता खेड्यापाड्यांत पोहोचविणारी साधने दोनच : माणसांनी भरलेली गाडी आणि १९१९ पासून बेळगावातून निघणारा ‘तरुण भारत’. पुढे या रेल्वेची नावे किती बदलली! मद्रास अँड साउदर्न मराठा, १९५१ साली दक्षिण रेल्वे, १९६६ साली दक्षिण-मध्य आणि २००३ पासून दक्षिण-पश्चिम. १९९० च्या दशकात अरुंद मीटरगेज रुळांच्या जागी रुंद रूळ आले. पाट्या पालटल्या, गुंजीचे नाव मात्र तसेच राहिले.

आता भाताकडे वळू. या भागात भात दोन रीतींनी होते. काही शेतांत रोहिण्या-मृगाच्या आधीच कुरीने धूळपेरणी करतात, तर ओलाव्याच्या खाचरांत चिखल करून रोप लावतात. लावणीला एका घरची माणसे पुरत नाहीत. आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या, अशी सावड धरावी लागते. जावातही याच वृत्तीला ‘गोतोंग रोयोंग’ असे नाव आहे. तेथे भाताची देवता ‘देवी श्री’. तिच्या नावात आपल्याकडची श्री सहज ओळखू येते. भातात वावरणाऱ्या तिच्या आत्म्याला भय वाटू नये म्हणून जुन्या काळी स्त्रिया मुठीत लपणाऱ्या ‘आनी-आनी’ नावाच्या लहान सुरीने एकेक लोंबी कापीत. आपल्याकडे नव्या लोंब्यांचे तोरण दाराला बांधल्याखेरीज नवे धान्य खाण्यास कोणी धजत नसे. दोन्ही ठिकाणी भात हे अन्न आहे आणि घरचे माणूसही.

हे साम्य केवळ तुलनेपुरते नाही. बंगालमधील ‘लातीसाल’ नावाची भाताची जात जावात नेण्यात आली आणि तेथील बोगोरच्या संशोधकांनी ‘चीना’ या जातीशी तिचा संकर केला. त्यातून निघालेल्या जातींपैकी एक ‘पेटा’. ही पुढे फिलिपाईन्समध्ये १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आय.आर.-८’ या वाणाची जननी ठरली. दुसरी ‘इंटान’. मलायी भाषेत या शब्दाचा अर्थ हिरा. ही गरवी, करपा रोगाला दाद न देणारी जात कर्नाटकाच्या डोंगराळ, भरपावसाच्या पट्ट्यात रुजली आणि खानापूरच्या बाजारात ‘इंटान’ हे नाव घरचे झाले. बंगालची लेक जावाला दिली आणि नात सह्याद्रीत नांदावयास आली, असे हे सोयरसंबंध. ज्या गावाला आपण आडरानातले म्हणतो, त्याच्या कणगीत जगाचा प्रवास साठलेला असतो.

स्वातंत्र्यानंतर गावाच्या माथ्यावर नवी रेषा ओढली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या वेळी बेळगाव जिल्ह्यातच असलेला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. मराठी बहुसंख्य असलेल्या खानापूर तालुक्यावर या निर्णयाचा झालेला मानसिक आघात अनेकांनी लिहून ठेवला आहे. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने दुसऱ्या वर्षी अहवाल दिला, महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ साली प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. म्हैसूर राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले, २०१४ साली बेळगावचे नाव सरकारदप्तरी बदलले. भाषेचा हा प्रश्न सर्वांच्या परिचयाचा आहे.

परंतु त्याच रेषेने कुळांचे जे केले, त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला होता. त्या दिवशी कसणारे कूळ सर्वसाधारणपणे जमिनीचे मालक व्हावयाचे होते. चंदगडच्या कुळाला तो दिवस लाभला. खानापूरचे कूळ पाच महिने आधीच दुसऱ्या राज्यात गेले होते आणि तेथे मुंबईच्या कायद्यातील ही कलमे तहकूब झाली. म्हैसूरचा जमीनसुधारणा कायदा १९६१ साली मंजूर झाला, त्याची अंमलबजावणी १९६५ साली सुरू झाली आणि खऱ्या अर्थाने ‘कसेल त्याची जमीन’ झाली ती देवराज अर्स यांच्या कारकीर्दीतील दुरुस्तीने, १ मार्च १९७४ पासून. एकाच जिल्ह्यात नांदलेल्या दोन शेजारी तालुक्यांतल्या दोन कुळांमध्ये सतरा वर्षांचे अंतर पडले. सतरा वर्षे म्हणजे सतरा लावण्या आणि सतरा वेळा मोजून दिलेला खंड. १९७४ नंतरही जमीन आपोआप मिळाली नाही. ‘फॉर्म नंबर सात’ भरावयाचा, वहिवाटीचा पुरावा गोळा करावयाचा आणि न्यायमंडळापुढे उभे राहावयाचे. ज्याच्या घरात एखादे लिहिता-वाचता येणारे माणूस होते, त्याची वाट सोपी झाली. अक्षरओळखीची किंमत या मुलखाला त्या वर्षांत गुंठ्यांच्या मापाने कळली.

याच सीमाभागातील निपाणीचे उदाहरण येथे आठवते. निपाणीची तंबाखू बाजारात विकली जाते. म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील उत्पादक रस्त्यावर बसले, गोळीबार झाला, देशभर बातम्या झाल्या. गुंजीचे भात मुख्यत्वे घरच्या चुलीवर शिजते. त्याला व्यापाऱ्याशी भांडण नाही, म्हणून मोर्चा नाही आणि मोर्चा नाही म्हणून इतिहासात नोंदही नाही.

आजचे चित्र पुन्हा पालटते आहे. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले आणि तालुक्यातील रानांतल्या वस्त्यांपुढे स्थलांतराचा प्रश्न उभा राहिला. दांडेलीकडून येणारे हत्ती, तसेच गवे आणि रानडुकरे उभ्या पिकात शिरतात. ऐन कापणीच्या दिवसांत माळ्यावर रात्री जागवाव्या लागतात. तरुण मुले गोव्यात, बेळगावच्या कारखान्यांत, पुण्या-मुंबईस किंवा सैन्यात जातात. जावाची माणसेही १८९० पासून सुरिनामला आणि १९०५ पासून सुमात्राच्या लांपुंगला अशीच गेली. लहान खाचर मोठ्या कुटुंबाला पुरत नाही, हे त्यामागचे एकच कारण. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे लावणीला सावड उरत नाही. मग काही बांध पडके राहतात, काही खाचरांत काजू लावला जातो आणि जुन्या बियाण्याची कणगी रिकामी होते.

शेताची नावे, बियाण्याची नावे, ओहोळांची नावे आणि कुळांच्या लढ्याच्या आठवणी अजूनही काही वृद्धांच्या ओठांवर आहेत. घरोघरच्या पेट्यांत खंडाच्या पावत्या, न्यायमंडळाचे निकाल, देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या पडून आहेत. सरकारच्या बाजूचा कागद दप्तरात सुरक्षित आहे. गावाच्या बाजूचा कागद वाळवीच्या स्वाधीन होऊ नये, ही जबाबदारी ग्रंथालयांचीच आहे. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या वाचनालयाच्या कपाटात एखाद्या खेड्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्यालाही जागा मिळाली, तर पुढच्या शतकातील वाचकाला गुंजी केवळ गाडीच्या खिडकीतून दिसणारी पाटी राहणार नाही.