गच्चीवरचे वीजघर आणि नागपूरचा उन्हाळा

पारा ४५ अंशांवर गेला की ‘एवढ्या तापात सौरवीज भरपूर होत असेल’ असे नागपुरात सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात सौर पॅनेलला उष्णता नको असते. त्याला हवा असतो प्रकाश.

पॅनेलमध्ये सिलिकॉनचे अनेक सौरघट एकमेकांना जोडलेले असतात. प्रत्येक घटात दोन थर असतात. एकात मोकळ्या इलेक्ट्रॉनांची विपुलता, दुसऱ्यात उणीव. प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सुटे होतात, थरांच्या सीमेवरील विद्युतक्षेत्र त्यांना एका दिशेने ढकलते आणि प्रवाह सुरू होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ एदमाँ बेकरेल यांना हा परिणाम १८३९ मध्ये आढळला. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा घट मात्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. घटातून मिळणारा प्रवाह डीसी असतो. इन्व्हर्टर त्याचे घरगुती वापराच्या एसी प्रवाहात रूपांतर करतो.

पॅनेलवर नोंदलेली क्षमता घटाचे तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशामागे साधारण ०.४ टक्के उत्पादन घटते. मे महिन्यात घट ६५ अंशांपर्यंत तापले, तर सुमारे १६ टक्के क्षमता उष्णतेतच जाते. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवू नयेत. खालून वारा खेळेल इतके उंच बसवावेत. धूळ धुवायची ती सकाळी, काच थंड असतानाच.

नागपूर २१ उत्तर अक्षांशाजवळ असल्याने पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल साधारण तेवढ्याच अंशांचा ठेवतात. ३ किलोवॅटच्या संचाला सुमारे ३०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. वर्षाच्या सरासरीने त्यातून दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यात अर्थातच कमी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत या क्षमतेसाठी ७८ हजार रुपयांचे अनुदान ठरविण्यात आले. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या वाहिनीत जाते, रात्री तिकडून घेतली जाते आणि नेट मीटर दोन्हींची नोंद ठेवतो.

कोराडी आणि खापरखेडा येथील कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या शेजारी वसलेल्या या शहराची केंद्राच्या सौरनगरी कार्यक्रमात ‘आदर्श सौरनगरी’ म्हणून निवड झाली होती. मेट्रो स्थानकांवरही आता पॅनेल दिसतात.

ग्राहकांची एक तक्रार मात्र ठरलेली असते : वाहिनीतील वीज गेली की, बॅटरी नसल्यास, संच भर दुपारीही बंद पडतो. हा बिघाड नव्हे. बंद समजल्या गेलेल्या तारेवर दुरुस्तीसाठी चढलेल्या लाइनमनला गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो.