चिओंग फात त्झे हवेली

मलेशियातील पिनांग बेटावर, जॉर्ज टाउन शहराच्या लीथ स्ट्रीटवरील ऐतिहासिक निवासवास्तू. भिंतींच्या गडद निळ्या रंगामुळे ती ‘ब्लू मॅन्शन’ या नावाने अधिक परिचित आहे. चिनी हक्का समाजातील धनाढ्य व्यापारी चिओंग फात त्झे (1840–1916) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधायला घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी काम पुरे झाले. ग्वांगदोंग प्रांतातील गरीब घरात जन्मलेले चिओंग तरुणपणी बटाव्हियाला (सध्याचे जकार्ता) गेले आणि तेथे व्यापारात नावारूपाला आले. पिनांगमध्ये ते चीनचे उपवाणिज्यदूतही होते.

रचना : हवेलीत 38 खोल्या, 5 चौक, 7 जिने व 220 खिडक्या आहेत. आराखडा पूर्णपणे चिनी असून तो फेंगशुईच्या संकेतांनुसार आखला आहे. पाणी हे संपत्तीचे प्रतीक मानले जात असल्याने पागोळ्यांचे पाणी बाहेर न सोडता मधल्या चौकात घेतले आहे. त्याने घरात गारवाही राहतो.

सजावट : चौकाभोवतीचे ओतीव लोखंडी खांब ग्लासगोचे, तर नक्षीदार फरश्या इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंटच्या आहेत. झडपांच्या खिडक्या गॉथिक वळणाच्या, रंगीत काचा आर नूव्हो शैलीतल्या आणि सोनेरी मुलाम्याचे कोरीव लाकडी पडदे चिनी आहेत. छपराच्या कडांवरील फुले, पक्षी व मानवाकृती रंगीत चिनी मातीचे वाडगे फोडून, त्यांचे तुकडे पकडीने हव्या त्या आकारात कातरून व चुन्यात बसवून घडवल्या आहेत. भिंतींना चुन्यात नीळ कालवून रंग दिला जातो. ही नीळ त्या काळी भारतातून येई. चुन्याचा थर भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो, म्हणून दमट हवेत तो टिकतो.

जतन : शेवटचा मुलगा हयात असेतो घर विकू नये, अशी तरतूद चिओंग यांच्या मृत्युपत्रात होती. दरम्यान देखभालीअभावी वास्तूची दुरवस्था झाली व तीत भाडेकरू राहू लागले. 1989 मध्ये तो मुलगा वारल्यावर वास्तुविशारद लॉरेन्स लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकत घेऊन पारंपरिक साहित्य वापरून दुरुस्त केली. या कामाला 2000 मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. ‘इंडोशिन’ (1992) व ‘क्रेझी रिच एशियन्स’ (2018) या चित्रपटांतील काही दृश्ये येथे चित्रित झाली. 2008 मध्ये जॉर्ज टाउनचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सध्या हवेलीत हॉटेल चालते आणि मार्गदर्शकासोबत ती पाहता येते.