ठेकेदाराचा माणूस की मिलचा कामगार? पीएफ, ईएसआय कोणी भरायचा, ते असं ओळखा

जळगाव, धुळे : दिवाळी झाली की जिनिंग सुरू होतात. जळगाव एमआयडीसीत डाळ मिल, चटई, पाइपाचे कारखाने तर बारमाही चालू असतात. तिथे गावाकडचा पोरगा कामाला लागतो. पगार हातात येतो, पण पावती नाही. विचारलं तर उत्तर एकच, "तू ठेकेदाराचा माणूस आहे." मशीनमध्ये हात गेला की मग हा प्रश्न खरा उभा राहतो.

कायदा नाव बघत नाही, काम बघतो. कामाची वेळ कोण ठरवतो, मशीन कोणाचं, चुकलं तर घरी कोण पाठवतो, हे बघितलं जातं. गुजरातेतल्या ध्रांगध्राच्या मिठागरात काम करणाऱ्या अगरियांना पैसे मिठाच्या वजनावर मिळायचे, ते स्वतःचे मजूरही लावायचे. तरी १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना कामगारच ठरवलं. म्हणून उक्तं काम आहे, नगावर पैसे आहेत, एवढ्यावरून कोणी ठेकेदार होत नाही.

आता हिशोब. २० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला पीएफ लागतो. मोजताना ठेकेदाराची माणसंही धरतात. पगार १२,००० असेल तर कामगाराचे १२ टक्के, म्हणजे १,४४० कापायचे आणि तेवढेच मालकाने स्वतःचे घालायचे. मालकाच्या हिश्श्यातले सुमारे १,००० पेन्शनला जातात, बाकीचे पीएफला. हे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. काही ठिकाणी दोन्ही हिस्से कामगाराच्याच पगारातून कापतात. ते सरळ बेकायदा आहे. कापून भरलंच नाही, तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो.

ईएसआय १० माणसांपासून लागतो, पगार २१,००० पर्यंत असेल तर. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. म्हणजे १२,००० वर ९० आणि ३९० रुपये. नव्वद रुपयांत कामगाराचा आणि घरच्यांचा दवाखाना, शिवाय कामावर अपघात झाला तर पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत भत्ता. एवढं स्वस्त दुसरं काही नाही, तरी लोक "कापू नका" म्हणतात आणि मालकालाही तेच पाहिजे असतं.

व्यवसाय कर वेगळा. पुरुषाचा पगार १०,००० च्या वर असेल तर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. बाईला २५,००० पर्यंत माफ. हा कर कापून सरकारात भरणं मालकाचं काम. म्हणजे १२,००० वाल्या पुरुषाच्या हातात १०,२७० यायला पाहिजे. त्यापेक्षा कमी आले तर कशाचे कापले ते विचारा.

आणखी एक युक्ती चालते. साध्या कामगाराला कागदावर ठेकेदार दाखवायचं, बिलातून १ टक्का टीडीएस कापायचा आणि पीएफमधून सुटायचं. आयकराच्या खात्यावर आपल्या नावाने अशी नोंद दिसली तर समजून घ्या.

ठेकेदार खरा असला तरी मिलमालक मोकळा नाही. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर मूळ मालकाने भरायचा आणि त्याच्या बिलातून वळता करायचा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे. ते मागा. मिळेपर्यंत हजेरीचा फोटो, गेटपास, बँकेतल्या पगाराच्या नोंदी जपून ठेवा. रोख पगार घेणाऱ्याकडे पुरावा राहत नाही, तक्रार तिथेच अडते.

पीएफ भरला जातो का, ते बघायला यूएएन नंबर लागतो. नोंद असलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस कॉल दिला की शिल्लक मेसेजने येते. 'उमंग' अॅपवर महिनावार पासबुक दिसतं. मधले महिने कोरे असतील तर पीएफच्या नाशिक विभागीय कार्यालयात लेखी तक्रार देता येते, ऑनलाइनही चालते. हंगामी कामगारांनी जिनिंग बंद व्हायच्या आतच हे बघून घ्यावं, नंतर ठेकेदार फोन उचलत नाही.