परतीची उंची

विरार स्टेशनवरून आगाशीकडे निघाले की वाटेत बोळिंज लागते. विहिरी, केळी आणि पानवेलींच्या वाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वसईच्या हिरव्या पट्ट्यातले हे गाव. आता तिथे म्हाडाच्या उंच इमारती उभ्या आहेत. पूर्वी गाव वरून पाहायचे तर माडावर चढावे लागे. आता कॅमेरा हवेत सोडला की झाले. त्या कॅमेऱ्याचा इतिहास जेमतेम दीड दशकाचा, पण वळणे भरपूर.

मराठी घरांत ड्रोन पहिल्यांदा दिसला तो बहुधा २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये. जॉय लोबोचे अर्धवट राहिलेले यंत्र मित्र दुरुस्त करतात आणि ते त्याच्याच खिडकीपाशी जाऊन पोहोचते. पडद्यावरचे ते यंत्र बनवले होते ‘आयडियाफोर्ज’ने, आयआयटी मुंबईतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ मध्ये काढलेल्या कंपनीने.

हौशी माणसाला सहज उडवता येईल असे एक तयार यंत्र आले २०१३ मध्ये, डीजेआय कंपनीचे ‘फँटम’. त्याआधीची बहुतेक यंत्रे रिमोटची दांडी सोडली की भरकटायची. फँटम जीपीएसच्या आधारे जागच्या जागी तरंगत राही आणि संपर्क तुटला तर उडाले तिथे परत येई. कॅमेरा मात्र त्याचा स्वतःचा नव्हता; खाली गोप्रो अडकवावा लागे. २०१४ च्या ‘फँटम २ व्हिजन प्लस’ने तीन अक्षांवर तोल सांभाळणाऱ्या गिंबलवर स्वतःचा कॅमेरा बसवला आणि चित्राची थरथर थांबली. २०१६ च्या ‘फँटम ४’ला समोरचा अडथळा दिसू लागला, चालत्या माणसाचा पाठलागही जमू लागला.

पुढची स्पर्धा वजनाची. १३८० ग्रॅमच्या फँटम ४ नंतर तीन वर्षांनी ‘मॅविक मिनी’ आला तो २४९ ग्रॅमचा. समोरचे सेन्सर आणि पाठलाग, दोन्ही त्याने सोडून दिले. गिंबल ठेवला, आणि एका बटणावर गोल फिरत किंवा सरळ वर जात होणारे तयार शॉटही ठेवले. सोडलेले सगळे २०२२ च्या ‘मिनी ३ प्रो’त त्याच वजनात परत आले, आणि २०२३ च्या ‘मिनी ४ प्रो’त तर चहूबाजूंना पाहणारे सेन्सर आले.

कायदा मागून धापा टाकत आला. मे २०१४ मध्ये मुंबईतल्या एका पिझ्झेरियाने वरळीच्या टॉवरवर ड्रोनने पिझ्झा पोहोचवला; पोलिसांनी चौकशी सुरू केली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नियम होईपर्यंत नागरी ड्रोन उडवू नयेत, अशी सूचना काढली. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी विमानतळाभोवतीचा, उडवण्यासाठी परवानगी लागणारा पिवळा पट्टा ४५ किलोमीटरवरून १२ वर आणला. मुंबई विमानतळ बोळिंजपासून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर. म्हणजे जागचे न हलता बोळिंज त्या वर्तुळाबाहेर आले! २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागेनासे झाले, आणि २४९ या आकड्याला इथे भाव आला. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली.

यंत्रात एवढे सगळे आपोआप होत असले, तरी काही गोष्टी उडवणाऱ्यालाच पाहाव्या लागतात. विजेची बारीक तार सेन्सरला सहसा दिसत नाही. जवळच्या अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर लाटांचे हलते पाणी जमीन पाहून जागा धरणाऱ्या पोटाखालच्या कॅमेऱ्यांना चकवते, आणि समुद्रावरच्या वाऱ्याविरुद्ध परतताना बॅटरी भराभर उतरते. सर्वांत फसवी ती परतीची उंची, म्हणजे संपर्क तुटल्यावर माघारी येण्याआधी ड्रोन जेवढा वर चढतो ती. फँटम ४ मध्ये ती आधीपासून ३० मीटरवर ठेवलेली असे. केळीच्या बागेवर एवढी पुष्कळ झाली. पण वीस मजली टॉवर साठ मीटरच्या आसपास जातो. त्यामुळे बोळिंजमध्ये उड्डाणाआधी आजूबाजूचे मजले मोजायचे आणि मगच तो आकडा बदलायचा.