मुंबईचा भराव आणि लष्कराची जमीन

आपण नागापूरकर. लष्कर म्हणजे काय, हे आपणांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. नगरचा भुईकोट किल्ला इंग्रजांनी १८०३ साली घेतला, तेव्हापासून तेथे लष्कराचा वावर आहे. भिंगारची छावणी तर आपल्या शेजारचीच. आणि खारे कर्जुने येथील के. के. रेंज वाढणार अशी वार्ता आली, की नगर, पारनेर व राहुरी तालुक्यांतील शेतकऱ्यांची झोप उडते. देशाच्या रक्षणास जमीन लागते व ती दिली पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु ती कोणाची, किती व कोणत्या मोलाने, हे आधी ठरले नाही म्हणजे काय होते, हे मुंबईच्या इतिहासावरून पाहण्याजोगे आहे.

शाळेत भूगोल शिकविताना मी मुलांकडून मुंबईच्या सात बेटांचा नकाशा काढवून घेत असे. ती बेटे जोडून आजचे शहर झाले, म्हणजे मुंबईची पुष्कळशी जमीन समुद्रातून काढलेली आहे. या शहरात लष्कराचा शब्द पूर्वी फार मोठा होता. कोटाबाहेरचे मैदान तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून उघडे ठेवलेले होते. कुलाब्यास छावणी होती. बंदराच्या काठी आरमाराची गोदी होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० नंतरच्या दशकात, कोटाचे तट पाडले गेले, तेव्हा कोठे शहराला श्वास घेता आला. पुढे १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन होऊन बंदराचा कारभार एका संस्थेकडे आला.

हा प्रकार एकट्या मुंबईचा नव्हता. हाँगकाँग येथे १८९० च्या सुमारास सर पॉल चॅटर यांच्या योजनेप्रमाणे समुद्र मागे हटविण्याचे काम सुरू झाले. पण शहराच्या मध्यभागीच आरमाराची गोदी व सैन्याच्या बराकी होत्या. जमिनीवरील सैन्याचे खाते वेगळे, आरमाराचे वेगळे, व वसाहतीचे सरकार तिसरे. परिणामी समुद्रकाठचा रस्ता सलग होऊ शकला नाही. ती गोदी १९५९ साली बंद झाल्यावरच मार्ग मोकळा झाला.

आता मुंबईच्या पश्चिमेकडील बॅकबेची कथा ऐका. १८६३ च्या सुमारास कापसाच्या तेजीत येथे भरावासाठी कंपनी निघाली. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपताच भाव कोसळले व ती बुडाली. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी ते काम सरकारतर्फे हाती घेतले. आठ भागांत मिळून १,१४५ एकर जमीन काढावयाची होती. खर्च फुगत गेला, काम रेंगाळले. बॅ. के. एफ. नरिमन यांनी हा कारभार उजेडात आणला. तेव्हा हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद केली, परंतु नरिमन निर्दोष सुटले. १९२६ साली सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. अखेर चारच भाग पुरे झाले व सुमारे ४४० एकर जमीन हाती आली.

त्या जमिनीचे काय झाले, ते नीट पाहा. त्यांतील सुमारे २३५ एकर, म्हणजे निम्म्याहून अधिक, लष्कराने सुमारे २ कोटी ६ लक्ष रुपयांस घेतली. भराव प्रांतिक सरकारचा, खरेदी हिंदुस्थान सरकारच्या लष्कराची, आणि कर्जाचा भार मात्र मुंबईच्या रयतेवर! शहरास मोकळी हवा व घरे मिळतील, असे आरंभी सांगितले होते. त्या कामी प्रत्यक्ष उपयोगी पडणारी जमीन फारच थोडी उरली.

आणि वाद तेथेच मिटला असे नाही. उरलेल्या भागांपैकी सहाव्या भागातील कुलाब्याच्या एका भूखंडावर ‘आदर्श’ नावाची ३१ मजली इमारत उभी राहिली. २०१० साली प्रश्न उपस्थित झाला, की ती जमीन संरक्षण खात्याची की राज्याची? चौकशी आयोगाने २०१२ साली राज्याची असे म्हटले. संरक्षण खात्याने आपला दावा सोडला नाही. २०१६ साली उच्च न्यायालयाने इमारत पाडण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पाडण्यास स्थगिती दिली. ज्या भूमीवर पूर्वी लाटा होत्या, तिच्याही मालकीचा निकाल इतक्या सुखासुखी लागत नाही!

मग आपल्या शेतांची कथा काय? मुंबईच्या समुद्राला सातबारा नव्हता. आपल्या जमिनीला आहे. म्हणून ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबास माझी विनंती आहे, की सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा व सरकारकडून आलेली प्रत्येक नोटीस एका ठिकाणी नीट जपून ठेवावी आणि घरातील मुलामुलींस ती वाचावयास शिकवावे. लष्कराशी वैर नको. आपल्यातीलच किती तरी मुले त्या सेवेत आहेत. पण ज्याचा कागद चोख, त्याचेच म्हणणे ऐकले जाते. नरिमन यांच्या हाती तरी काय होते? आकडे, कागद व धैर्य, एवढेच.